पोळ्याची कर, हजेरीपट आणि टाचणाची वही

(यवतमाळ जिल्ह्यातल्या, पैनगंगेकडच्या एका गावातून आलेलं हे पत्र. नाव-गाव गाळलं आहे. पत्र लांब होतं, त्यातला मुख्य भाग देते.)

"ताई, आमची शाळा जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. पहिली ते चौथी, पटावर ४१ लेकरं. २२ गावातली, ११ तांड्यावरची, ८ कोलाम पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची. मुख्याध्यापकाचं पद नाही, म्हणून प्रभार माझ्याकडे. माझ्या अधिकारात सुट्ट्या दोन आणि मागण्या पाच. गावाला पोळ्याची कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, पाहिजे. तांड्याला १५ फेब्रुवारीची सेवालाल महाराज जयंती. बौद्ध वस्तीतले पालक १४ ऑक्टोबर म्हणतात. गावातली काही गोंड मेश्राम कुटुंबं नागोबाच्या जत्रेला तेलंगणातल्या केसलापूरला जातात, त्यांची मुलं चार-चार दिवस येत नाहीत. आणि सरपंच म्हणतात, गावच्या जत्रेचा दिवस तर धराच. एकाला हो म्हटलं की दुसरा दारात उभा, 'आमचा सण सण नाही काय जी मॅडम?'

दुसरं दुखणं नियोजनाचं. दिवसभर दोन वर्ग, माहित्या आणि फोन. टाचण, म्हणजे रोजच्या पाठांची लेखी तयारी, काढायला रात्री अकराला बसते. सर म्हणतात, 'करीच्या दिवशी तसेही पोट्टे येत नाहीत. सुट्टी कायले वाया घालता? हजेरी भरून टाकू अन् दोघं बसून महिनाभराचं नियोजन करू.' माझी नणंद न्यू जर्सीत असते. तिच्याकडे म्हणे काही सणांना मुलांना सुट्टी असते आणि शिक्षक शाळेत येऊन नियोजन करतात. मग आपण सणाचा दिवस असा वापरला तर काय बिघडलं? सरांचं ऐकू का?"

मॅडम,

हजेरीच्या बाबतीत सरांचं ऐकू नका. दोघांनी एकत्र बसून नियोजन करायचं, हे मात्र ते बरोबर बोलले. त्याकडे येतेच.

आधी हजेरी. ४१ हजर लिहिलं की शाळेच्या पोषण आहाराची चूल पेटलीच पाहिजे. पहिली ते पाचवीच्या लेकरामागे रोजचा तांदूळ १०० ग्रॅम. म्हणजे त्या दिवशी ४ किलो १०० ग्रॅम तांदूळ शिजला असं तुम्ही लिहिणार, डाळ, तेल, मीठ-मिरची वेगळी. तांदूळ तर कोठीत तसाच. मग साठा जुळवायला पुढच्या कुठल्यातरी दिवशी आणखी एक खोटा आकडा. चव घेतल्याची नोंद कोण करणार? खिचडीवाल्या बाई त्या दिवशी आपल्या घरच्या गोंधळात असणार आणि त्यांचीही हजेरी तुम्हीच लावणार. मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारी, असताना एका शाळेत करीच्या दिवशी गेले होते. मस्टरवर ३६, वर्गात ३. त्या गुरुजींनी एक दाणाही घरी नेला नव्हता, त्यांना फक्त कामाचा दिवस वाचवायचा होता. पण तपासणी झाली तेव्हा प्रश्न तांदळाचा विचारला गेला, हेतूचा नाही. सर सुचवतात, सही प्रभारीची असते, हे लक्षात असू द्या.

आणि करीच्या दिवशी पोट्टे येत नाहीत, हे पूर्ण खरं नाही. गावातले येत नाहीत. तांड्यावरची आणि पोडावरची पाच-सात तरी येतात. अशा दिवशी त्यांना शाळा सापडते ती कशी, तर दोन शिक्षक टेबलाशी वह्या मांडून बसलेले आणि 'जा रे, बाहेर खेळा'. वर्षभर गर्दीत मागच्या ओळीत बसणाऱ्या त्या पोरांना पूर्ण शिक्षक मिळण्याचा हाच एक दिवस असतो. तो त्यांच्याकडून काढून घेऊ नका.

आता न्यू जर्सी. नणंदबाई सांगतात ते खरं आहे, पण अर्धं. अमेरिकेत शाळेचं कॅलेंडर मुख्यतः त्या-त्या शालेय जिल्ह्याचं मंडळ ठरवतं. वस्तीत ज्यू, मुस्लिम, हिंदू, चिनी कुटुंबं वाढली तसा हाच वाद तिथेही झाला. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांना २०१५ पासून दोन्ही ईदची सुट्टी मिळू लागली आणि दिवाळीची पहिली सुट्टी मिळाली १ नोव्हेंबर २०२४ ला. तिकडे बहुतेक ठिकाणी वर्षाला १८० दिवस शाळा भरवावी लागते, म्हणून सुट्टी वाढवायची तर दिवस कुठून आणायचा हा प्रश्न त्यांनाही पडतो. काही जिल्ह्यांनी वाट काढली ती अशी, की सणाच्या दिवशी मुलांना सुट्टी द्यायची आणि तोच शिक्षकांच्या नियोजनाचा दिवस धरायचा. पण तिथे असे दिवस शिक्षकांच्या करारात आधीच मोजलेले असतात. त्या दिवशी कोणी खोटी हजेरी भरत नाही, कारण हजेरीच नसते. आणि ज्या शिक्षकाचा तो सण, त्याचं काय? त्याने एक तर नियोजनाला बसायचं किंवा पदरची रजा टाकायची. मुलांना न्याय मिळाला, मास्तर राहिला. म्हणून ती पद्धत मला तरी डोळे झाकून उचलावी अशी वाटत नाही.

आपल्याकडे तर त्याहून साधी अडचण आहे. सणाच्या दिवशी तुम्ही नियोजन करणार कधी? पोळ्याला पुरण कोण शिजवतं? महालक्ष्म्या बसतात त्या तीन दिवसांत तुमचा पदर खोचलेला असतो की पेन हातात असतं? सण म्हणजे घरातल्या पुरुषाला सुट्टी, बाईला ती पाळी बदलून लागलेली ड्युटी. 'सणाला नियोजन करू' हा बेत सरांना सुचला, तुम्हाला आपणहून सुचला नसता. सण आणि नियोजन एका खुंट्याला बांधू नका. दोन्ही एकमेकांचा चारा खातात. सुट्टीचा प्रश्न गावासोबत सोडवायचा, नियोजनाचा प्रश्न वेळापत्रकात.

सुट्टीपासून सुरुवात करू. सुट्ट्यांच्या दरवर्षीच्या परिपत्रकात दोन आकडे असतात. सर्व मिळून सुट्ट्या ७६ पेक्षा जास्त नकोत आणि कामाचे दिवस किमान २३० हवेत. ३६५ मधून ५२ रविवार गेले की ३१३ उरतात, त्यातून ७६ गेले की २३७. म्हणजे सगळ्या सुट्ट्या घेतल्या तर तुमच्या हाती ढील आहे ती सहा-सात दिवसांची. पुरामुळे नाल्याला पाणी आलं, शिक्षकाला प्रशिक्षणाला बोलावलं, मतदान केंद्र शाळेत पडलं, की ती संपली. (शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला २०० दिवस आणि ८०० तास आहेत, तो हिशेब सैल आहे. पण अधिकारी २३० चा मागतात, म्हणून तोच धरा.) हा हिशेब पालकांना फळ्यावर मांडून दाखवा. 'मॅडम देत नाही' आणि 'मॅडमजवळ नाहीच' यातला फरक लोकांना आकडा पाहिल्यावरच कळतो.

मग त्या दोन सुट्ट्या. त्यांचा निर्णय तुम्ही एकटीने घेऊच नका. शाळा व्यवस्थापन समिती कशासाठी आहे? तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या बाया असाव्या लागतात आणि वंचित घटकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. तुमच्या समितीत पोडावरचं कोणी आहे का, ते आधी बघा. असेल तर ती व्यक्ती बैठकीला येते का, की रजिस्टर घरी पाठवून अंगठा घेतला जातो, तेही बघा. बैठक पोडावर घ्या एकदा. गावची माणसं कुरकुर करतील, पण येतील.

बैठकीला जाताना मागच्या तीन वर्षांचे हजेरीपट घेऊन जा. कोणत्या सणाला किती मुलं नव्हती, हे तिथे तारखेनिशी लिहिलेलं आहे. माझा अंदाज आहे की करीला अर्ध्याहून जास्त शाळा रिकामी असते. तसं असेल तर एक सुट्टी तिथे द्या. रिकाम्या शाळेला कुलूप लावण्यात नुकसान नाही. आणि आधी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक सुट्ट्यांची यादी पाहून घ्या, कधीकधी आपण ज्यासाठी भांडतो ती सुट्टी तिथे आधीच असते.

पण दुसरी सुट्टी डोकी मोजून देऊ नका. डोकी मोजली की आठ मुलांचा पोड आणि अकरा मुलांचा तांडा जन्मभर हरतच राहणार. ती पाळीपाळीने द्या. एका वर्षी तांडा, पुढच्या वर्षी बौद्ध वस्ती, त्याच्या पुढे पोड आणि मेश्राम मंडळी. पहिला मान कोणाला ते चिठ्ठी टाकून ठरवा आणि पुढच्या तीन वर्षांचा क्रम ठरावातच लिहून घ्या, म्हणजे तुमची बदली झाली तरी तो टिकेल. १४ ऑक्टोबरबद्दल मात्र वस्तीत जाऊन विचारा, गृहीत धरू नका. बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली ती १४ ऑक्टोबर १९५६ ला, त्या दिवशी विजयादशमी होती. त्यामुळे काही घरं तारीख पाळतात, काही दसऱ्याच्या तिथीला दीक्षाभूमीला जातात, काही दोन्ही. ज्यांचं जाणं दसऱ्याला होतं त्यांची सुट्टी यादीत आहेच. त्यांना अडचण असते ती परतीच्या दिवसाची, कारण नागपूरहून रात्रीच्या गाडीने आलेलं लेकरू सकाळी साडेदहाला कसं उभं राहणार?

सरपंचांच्या जत्रेचं काय? जत्रा गावात आहे, मुलं गावातच आहेत. त्या दिवशी शाळा सकाळची करून दुपार मोकळी करता येते का, ते केंद्रप्रमुखांना विचारा. पूर्ण दिवस जाऊ देऊ नका. सरपंच नाराज होतील, होऊ देत.

ज्या सणाला सुट्टी मिळाली नाही त्याचं काय, हा खरा प्रश्न आहे आणि तो यादीत कधीच नसतो. माझा एक नियम आहे. शाळा चालू, पण त्या दिवशी नवा पाठ नाही, चाचणी नाही, स्पर्धा नाही, फोटो नाही. केसलापूरला गेलेलं मूल गैरहजरच लिहायचं, पण शेऱ्यात कारण लिहायचं, आणि परत आल्यावर 'कुठं मेला होता रे चार दिवस' हे वाक्य शाळेत कोणी बोलायचं नाही. नागोबाची जत्रा पौष अमावास्येला असते, मेश्राम कुळाची माणसं कुठून कुठून तिथे येतात. त्यांच्यासाठी ते जाणं म्हणजे सहल नव्हे. जाणाऱ्या मुलाला आधीच दोन पानांचं काम देऊन ठेवा आणि आल्यावर त्याला वर्गासमोर जत्रेचं सांगू द्या. चौथीच्या परिसर अभ्यासाला आणि बोलीभाषेतून प्रमाण मराठीकडे येण्याला याहून चांगला तास तुम्हाला पुस्तकात मिळणार नाही.

एक वाट आणखी आहे. ती परिपत्रकात असते, पण फार थोड्या शाळा वापरतात. उन्हाळ्याची किंवा दिवाळीची मोठी सुट्टी थोडी कमी करून ते दिवस गणेशोत्सव, नाताळ अशा सणांना जोडता येतात, शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने. विदर्भात उन्हाळ्याला हात लावायचा प्रश्नच नाही; २०२५ मध्ये परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबल्या तेव्हा काय हाल झाले ते तुम्ही पाहिलेत. पण दिवाळीच्या सुट्टीतले दोन दिवस इकडे आणता येतात. एकट्या शाळेचा अर्ज पंचायत समितीच्या टेबलावर पडून राहतो. केंद्रातल्या सगळ्या शाळांचे समितीचे ठराव जोडून केंद्रप्रमुखांमार्फत एकच प्रस्ताव पाठवा, तोही सत्राच्या सुरुवातीला. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात गेलेला अर्ज कोणीही मंजूर करत नाही आणि मीही केला नसता.

आता यंदाच्या वर्षाची बांधणी बघा, कारण नियोजनाची सुरुवात इथून होते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आला. त्यामुळे त्यानंतरचे सगळे तिथीचे सण पुढे सरकले. गेल्या वर्षी दसरा २ ऑक्टोबरला होता, यंदा २० ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन गेल्या वर्षी २१ ऑक्टोबरला झालं, यंदा ८ नोव्हेंबरला. पोळा ऑगस्टमधून सप्टेंबरात गेला आणि त्याच्या मागोमाग १४ सप्टेंबरला गणपती. मुस्लिम सणांची गोष्ट उलटी. हिजरी वर्ष ३५४ दिवसांचं आणि त्यात अधिक महिना नाही, म्हणून ते सण दरवर्षी अकरा-एक दिवस मागे येतात. यंदाची बकरी ईद उन्हाळी सुट्टीतच गेली. म्हणजे गेल्या वर्षीचं नियोजन तारखा बदलून वापरू म्हटलं तर ते जमणार नाही.

याचा अर्थ, यंदा पहिलं सत्र लांब आणि दुसरं आखूड आहे. दिवाळीनंतर तुमच्याकडे कापसाची वेचणी जोरात असते आणि मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी राहते, ही अनुपस्थिती कुठल्याच सुट्टीच्या यादीत नसते. फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेची प्रत्यक्ष मोजणी आहे, त्यात शिक्षकांच्या नेमणुका होतात आणि कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, निवडणूक आणि आपत्ती ही तीन कामं वगळलेली असल्याने ती नाकारता येत नाहीत. तुमच्यापैकी एकाला घेतलं तर दुसऱ्याच्या पुढ्यात चार वर्ग. तेव्हा गणितातली अवघड प्रकरणं, तिसरीचा भागाकार आणि चौथीचे अपूर्णांक, जमेल तितकी दिवाळीच्या आत घ्या. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस सोडून घ्या. व्हॉट्सअॅपवर फिरणारं तयार वार्षिक नियोजन हे सांगणार नाही. ते बहुधा विदर्भाबाहेरचं असतं, जिथे शाळा जूनच्या मध्यावर उघडते. आपली उघडते जूनच्या अखेरीस, म्हणजे ते डाउनलोड केलं त्याच दिवशी तुम्ही आठवडाभर मागे असता आणि वर्षभर मागेच राहता.

आता वेळ. नियोजनाचा वेळ ही सवलत नाही, तो तुमच्या कामाच्या तासांत आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे तास ४५ दिले आहेत आणि ते पूर्वतयारीच्या तासांसह, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. सोमवार ते शुक्रवार साडेदहा ते पाच धरले तर साडेबत्तीस तास, शनिवारची सकाळ चार तास. झाले साडेछत्तीस. उरलेले साडेआठ तास म्हणजे तुमचं टाचण, साहित्य, वह्या तपासणं. रात्री अकराला तुम्ही करता ते काम कायद्याने मोजलेलं आहे. मोजलेलं नाही ते दिवसभर फोनवर चालतं, ते.

एक आठवडा करून बघा. जुन्या वहीत रोज लिहा, शाळेच्या वेळेत वर्ग सोडून काय-काय केलं आणि किती मिनिटं. पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन हजेरी, आधारचं नाव जुळत नाही म्हणून पालकाला फोन, यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदीची) माहिती, शिष्यवृत्तीचं बँक खातं, कार्यक्रमाचा फोटो अकरापर्यंत ग्रुपवर, 'तात्काळ' लिहिलेली माहिती जी मागच्या महिन्यातही दिली होती. बेरीज पाहून तुम्हालाच धक्का बसेल. शासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी करणारा निर्णय काढला आहे. तो छापून कार्यालयात लावा. त्याने काम थांबणार नाही, हे मलाही माहीत आहे. पण गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे 'फार काम आहे हो' म्हणणं वेगळं आणि 'गेल्या आठवड्यात अध्यापनाचे इतके तास या-या कामांना गेले' असा कागद ठेवणं वेगळं.

मग कामाची वाटणी करा. तुम्ही प्रभारी म्हणून सगळ्या नोंदी स्वतःकडे ठेवल्या असणार. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक बाया तशाच ठेवतात, कारण चुकलं तर सही आपली. सरांकडे पोषण आहार आणि ऑनलाइन हजेरी पूर्ण द्या, तुम्ही आठवड्यातून एकदा तपासा. फोन दोन वेळा बघायचा, परिपाठाआधी आणि मधल्या सुट्टीत. अकरा वाजता मागितलेली माहिती दीडला गेली म्हणून आजवर कोणाची वेतनवाढ थांबल्याचं मी पाहिलेलं नाही.

टाचणाचं म्हणाल तर तुम्ही बहुधा दोन वर्गांचं, सगळ्या विषयांचं, रोज वेगवेगळं लिहिता. द्विशिक्षकी शाळेत ते जमत नाही. जमलं तर ते मार्गदर्शिकेतून उतरवलेलं असतं, आणि टाचण साहेबांना दाखवायलाच असतं असं आपणच ठरवून टाकलंय. त्यापेक्षा आठवड्याचं एक पान घ्या. डावीकडे तिसरी, उजवीकडे चौथी. प्रत्येक तासिकेला एवढंच लिहा, मी कोणाजवळ बसणार आणि दुसरा वर्ग तेवढ्या वेळात स्वतः काय करणार. बहुवर्ग अध्यापनात शिक्षक बुडतो तो या दुसऱ्या प्रश्नावर. पहिल्या वर्गाला शिकवायचं काय, ते त्याला ठाऊकच असतं. दोन्ही वर्गांचा समान घटक एकत्र ओढा. मापन तिसरीलाही आहे, चौथीलाही आहे. एकाच दोरीने दोघं अंगण मोजतील, एक मीटरमध्ये, दुसरा सेंटीमीटरमध्ये.

हे पान कधी लिहायचं? शनिवारी. शाळा सकाळची असते, शनिवार आनंददायी उपक्रमांचा असल्याने पाठीवर ओझंही कमी. मुलं गेली की एक तास, दोघांनी, फोन कपाटात ठेवून. मला ठाऊक आहे की शनिवारी साडेअकराची बस गाठून तुम्हाला घरी जायचं असतं. म्हणून दोन-तीन तास सांगत नाही, एकच सांगते. पुढची बस धरा. तो एक तास तुमच्या आठवड्याच्या पाच रात्री मोकळ्या करेल, निदान चार तरी. आणि तो वेळापत्रकात लिहा, 'शनिवार, नियोजन', भिंतीवर लावलेल्या कागदावर. लिहिलेला तास कोणी मागायला आलं तर नाही म्हणता येतं.

तुम्हाला हवा असलेला नियोजनाचा पूर्ण दिवसही खरं तर आपल्याकडे आहे, फक्त तो आपण सूचना ऐकण्यात घालवतो. दर महिन्याची केंद्रातली शिक्षण परिषद. सगळ्या शाळांचे शिक्षक एका जागी, कामाच्या वेळेत, अधिकृत. मागच्या महिन्याच्या सूचना वाचून दाखवायच्या, एक व्हिडिओ लावायचा, चहा, सह्या. केंद्रप्रमुखांना सांगा की दुपारचे दोन तास इयत्तेप्रमाणे गट करून पुढच्या महिन्याचं नियोजन तिथेच करू द्या. तुमच्यासारख्या तिसरी-चौथी एकत्र घेणाऱ्या आणखी चार-पाच मॅडम त्या सभागृहात बसलेल्या असतात. मी केंद्रप्रमुख असताना अशी मागणी घेऊन कोणी आलं असतं तर मी लगेच हो म्हटलं असतं, कारण परिषदेचे ते दोन तास भरायचे कशाने, हा माझाही दरमहा प्रश्न असायचा.

सरांशी बोलताना कायदा काढू नका. ते आळशी नाहीत. आळशी माणूस सुट्टीच्या दिवशी नियोजनाला बसू म्हणत नाही. त्यांना सांगा, 'सर, बसायचं पक्कं, पण शनिवारी. करीला सुट्टी समितीकडून रीतसर घेऊ, तुम्ही घरी पोळा करा, मी माझ्या घरी करते.' बहुतेक ते मान्य करतील. नाही केलं तर पोषण आहाराची वही त्यांच्याकडे द्या आणि ४ किलो १०० ग्रॅमचा हिशेब त्यांनाच मांडायला सांगा.

आणि समजा समितीने दोन्ही सुट्ट्या दुसरीकडे दिल्या, कर कामाचा दिवस ठरला आणि एकही मूल आलं नाही, तर? शाळा वेळेवर उघडा, सकाळीच केंद्रप्रमुखांना फोन करून कळवा, हजेरीपटावर शून्य लिहा, पोषण आहारातही शून्य लिहा. मग मात्र पाच वाजेपर्यंत दोघांनी बसून खुशाल नियोजन करा. तीन पोरं आली तर तीन लिहा, तिघांची खिचडी शिजवा आणि सरांना त्यांच्याजवळ बसवा.

समितीच्या ठरावाचा मसुदा लिहायला अडलं तर पुन्हा पत्र टाका. बैठकीची तारीख ठरली की त्यात ती कळवा, म्हणजे मसुदा त्याआधी पाठवता येईल.